देणगी परत पाठवणारे सर

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पत्ते माझ्याकडे, पावतीपुस्तकं माझ्याकडे, मेळाव्याच्या आदल्या दिवशी मांडववाल्याच्या मागे लागायचं तेही माझ्याकडेच. आणि मेळाव्याला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या टेबलापाशी वाकायचा, माझ्या पेनानं सही करायचा आणि पेन परत देता देता विचारायचा, "मॅडम, सर कुठंयत?"

सर म्हणजे आमचे जुने प्राचार्य. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर मी बसले आणि अजून बसते आहे. पण कॉलेजात 'सर' हा शब्द अजून त्यांच्याच मालकीचा आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा मत्सरही जातो असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माजी विद्यार्थ्यांकडून कधी देणग्या गोळा केलेल्या नसाव्यात.

मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. कॉलेज नाशिकच्या बाहेर, द्राक्षांच्या मळ्यांना लागून. संस्था लहान, खाजगी. पगार व्हायचे, पण तारीख सांगता यायची नाही. मुलाखतीला गेले तर प्राचार्यांची खोली रिकामी. शिपायानं सायकल स्टँडकडे बोट दाखवलं. तिथे खडूनं माखलेला कोट घातलेला एक उंच, वाकलेला माणूस एकेका सायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघत चालला होता.

"सायकल चालवता का, बाई?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग कशानं आलात?"

"सिटी बसनं."

"बसायला जागा मिळाली?"

"मिळाली."

"म्हणजे आधीची बस धरलीत. सोमवारपासून या."

माझी सर्टिफिकेटं फायलीतच राहिली. ती त्यांनी पुढेही कधी पाहिली नाहीत. ऑफिसच्या रेकॉर्डसाठी मीच त्यांच्या नकला करून माझ्या सेवापुस्तकात लावल्या.

सायकलीचा पंप ते प्राचार्यांच्या खोलीत, ढालींच्या कपाटाशेजारी उभा करून ठेवत. कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या. विद्यापीठाची समिती आली त्या दिवशी मी पंप पडद्यामागे नेऊन ठेवला होता. समितीच्या देखत त्यांनी तो शोधला आणि "बाई, इथला पंप?" असं मलाच विचारलं. एकदा न राहवून मी म्हणाले, "सर, हे काम शिपाई करेल." तर म्हणाले, "मखमलाबादहून रोज येणारा पोरगा हवा भरायला विसरत नाही. विसरला तर घरी काहीतरी बिघडलंय. ते शिपायाला कसं कळणार?" आणि खरंच, दर महिन्याला एखादा मुलगा चाकातल्या हवेपासून सुरू होऊन फीच्या सवलतीपर्यंत पोहोचायचा. सवलतीचा अर्ज मात्र ते तोंडी मंजूर करून मोकळे होत. कागद मी करायची.

ते भूगोल शिकवत. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चुका राहत. तहसीलदार झालेला आमचा एक विद्यार्थी जीपमधून भेटायला आला होता. बरोबर पट्टेवाला. सरांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "तू तो, अक्षांश आणि रेखांश उलटे घालणारा. जमिनीच्या मोजणीत नाही ना घालत?" पट्टेवाल्यासमोर तो तहसीलदार लाजेनं आणि आनंदानं लालबुंद झाला. दुपारभर हलला नाही. पट्टेवाल्याला बाहेर पाठवून सरांशी बोलत बसला.

मी मुलांचे मार्क लक्षात ठेवते. कुणाला अर्थशास्त्रात किती पडले होते हे मला आजही विचारा. पण पहिल्या वर्गात आलेल्याला त्याचा पहिला वर्ग ऐकवला तर तो "हो, मॅडम" म्हणतो आणि घड्याळ बघतो. चूक ऐकवली तर खुर्ची ओढून बसतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळूनही जमलं नाही. मला चुका आठवतच नाहीत. त्या मी तिथल्या तिथे लाल शाईनं दुरुस्त करून पुढच्या पेपरकडे वळलेली असते.

मंडळ सुरू करायची कल्पना माझी. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत मी कार्डं लावली. वर्षवार एक खोकं, गाववार एक, नोकरी-धंद्यावार एक. त्यावरून आवाहनाचं पत्र पाठवलं, छापील, पण खाली प्रत्येकाचं नाव हातानं लिहून. पहिलं उत्तर देवळ्याहून आलं. आदल्याच वर्षी बी. ए. झालेला मुलगा शाळेत शिक्षक म्हणून लागला होता. त्यानं पहिल्या पगारातून एक्कावन्न रुपये पाठवले. मी पावती फाडली, आभाराचं कार्ड लिहिलं आणि हौसेनं सरांना दाखवायला नेलं. चार दिवसांनी कळलं की त्यांनी ते पैसे मनीऑर्डरीनं परत पाठवले. वरचं कमिशन स्वतःच्या खिशातून भरलं.

"सर, ती मंडळाची पहिली देणगी होती."

"म्हणून तर परत केली. पहिलीच चुकीची घेतली की पुढच्या सगळ्या तशाच येतात."

"चुकीची कशी? त्यानं आपण होऊन पाठवली."

"आपण होऊन कुठली? त्याला नोकरी लागून महिना झाला नाही तोच तुमचं पत्र गेलं. त्याला वाटलं कॉलेजचं बिल आलं."

"मग घ्यायची तरी कधी?"

"पाच वर्षांनी. तोवर त्याला खोलीचं भाडं आहे, बहिणीचं लग्न आहे. त्यानंतरही द्यावीशी वाटली तर ती देणगी. आता घेतली तर वर्गणी."

फाडलेली पावती रद्द कशी दाखवायची याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते मी शोधलं.

तेव्हापासून तो कॉलेजचा नियमच झाला. नोकरी-धंद्याला पाच वर्षं झाल्याशिवाय कुणाचा पैसा घ्यायचा नाही. आलाच तर परत. मनीऑर्डरीच्या कुपनावर जेमतेम दोन ओळी मावतात, तेवढ्यात ते काहीतरी खरमरीत लिहीत. 'आधी चष्मा बदल.' 'आधी वडिलांचं कर्ज.' संस्थेचे अध्यक्ष एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्राचार्यांना सांगा, आपली संस्था आहे, पतपेढी नाही." मी म्हणाले, "साहेब, पतपेढीसुद्धा पैसे परत करायच्या आधी काही दिवस ठेवून घेते." ते हसले, पण सरांना बोलले नाहीत. सरांना कुणीच काही बोलायचं नाही. माझ्या मनात मात्र परत गेलेल्या प्रत्येक देणगीची बेरीज चालू असायची. त्या बेरजेत मुलींच्या हॉस्टेलचं जोतं सहज उभं राहिलं असतं.

आणि जोतं तेवढंच उभं राहिलं.

सटाणा, कळवण, सुरगाण्याकडच्या मुली आमच्याकडे शिकायला येत आणि कॉलेजमागच्या एका घरात भाड्याच्या खोल्यांत राहत. त्यांच्यासाठी हॉस्टेल बांधायचं सरांनी ठरवलं. जोत्यापर्यंत काम झालं आणि थांबलं. सिमेंट परमिटवर मिळण्याचे ते दिवस. परमिटचा अर्ज मी तयार करून त्यांच्या सहीला दिला होता. तो त्यांच्या कोटाच्या खिशात, रबरी नळ्यांच्या पुडक्याखाली सापडला. तोवर मुदत संपली होती. दोन पावसाळे त्या जोत्यावर गवत वाढलं. मग सर निवृत्त झाले आणि मी प्राचार्य झाले.

पुढच्या फेब्रुवारीत मुलींच्या घरमालकानं सांगितलं, घर विकलंय, उन्हाळ्याच्या सुटीत खोल्या रिकाम्या करा. मुलींच्या वडिलांना मी पत्रं लिहिली. उत्तरं सरळ होती. राहायची सोय नसेल तर पोरगी जूनला येणार नाही. आणि गावाकडे जूनला कॉलेजात परत न आलेली मुलगी तुळशीचं लग्न झालं की मांडवात बसलेली असते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

परमिट मी तोवर मिळवलं होतं. त्यासाठी कलेक्टर कचेरीत इतक्या सोमवारी गेले होते की तिथला शिपाई मला बघून आपोआप बाकावर सरकून जागा करायचा. कंत्राटदार ठरला. नकाशा मंजूर. आता फक्त पैसा हवा होता, आणि मला तो सरांशिवाय उभा करायचा होता. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. हॉस्टेल माझ्या कारकिर्दीत, माझ्या धडपडीनं व्हावं आणि त्यात त्यांचा अंगठासुद्धा नसावा, अशी माझी इच्छा होती.

गाववार खोक्यातून मी सगळ्यात जड कार्ड काढलं. नामपूरचा कांद्याचा व्यापारी. आमचाच विद्यार्थी, वडिलांच्या मागे तरुणपणीच धंदा हातात घेऊन त्यानं तो तिप्पट केला होता. नाशिकहून सटाण्याला आणि तिथून बस बदलून नामपूरला गेले. मार्केटातल्या गाळ्यात त्यानं स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली, चहा मागवला.

"मॅडम, तुमच्या नोट्स अजून आहेत माझ्याकडं. धाकटा भाऊपण त्याच्यावरच पास झाला."

मी नकाशा पसरला. खर्चाचा अंदाज, मुलींची संख्या, मुदत, सगळं क्रमानं सांगितलं. त्यानं आदरानं ऐकलं, मान डोलावली आणि एकशे एक रुपये दिले.

"सर नाही आले?" पावती घेताना तो म्हणाला.

"ते निवृत्त झाले."

"ते माहितीये मॅडम. पण येतील ना कधी?"

परतीच्या बसमध्ये मी सगळ्या खोक्यांची मनातल्या मनात उजळणी केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत सरांच्या घरी गेले. अंगणात एक सायकल उलटी घातलेली. त्यांच्या पत्नी मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात, बाई. यांना कुठेतरी घेऊन जा. गल्लीतली एक सायकल सोडली नाही यांनी."

मी सगळं सांगितलं. सर हात पुसत ऐकत होते.

"मी मागणार नाही," ते म्हणाले. "प्राचार्य होतो तेव्हा मागितलं नाही, आता कुठल्या तोंडानं मागू?"

"मागू नका. नुसते चला."

"नुसतं येऊन काय करू?"

"ते मला माहीत असतं, तर मी कालच करून आले नसते?"

त्यांनी उलट्या सायकलचं चाक एकदा फिरवलं. मग म्हणाले, "त्यानं कांदा साठवायला नवी चाळ बांधलीय म्हणे. ती बघायला येतो."

देवळ्याच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली, तेवढ्यात तिघे पाया पडून गेले, एकानं पेरू आणून दिले. कंडक्टरही आमचाच निघाला. "सर, तिकीट राहू द्या," म्हणाला. सरांनी तिकिटाचे पैसे मोजून त्याच्या हातात ठेवले. "तू मान्सून उन्हाळ्यात आणला होतास ना? मग तिकीट फाडायला चुकू नकोस." कंडक्टरनं पुढच्या स्टॉपपर्यंत ही गोष्ट अख्ख्या बसला सांगितली. मी पेरू धरून बसले होते. त्याला मीही तीन वर्षं शिकवलं होतं.

नामपूरला व्यापाऱ्याच्या घरासमोर आम्ही उतरलो आणि कुणीतरी ओरडत आत गेलं, "सर उनात, सर उनात." व्यापारी अनवाणी बाहेर आला.

"काय रे, आते काय करी राह्यना?" सरांनी विचारलं.

चाळीपर्यंतचं बोलणं दोघांत अहिराणीतच झालं. सर मूळचे त्याच बाजूचे. मी नाशिकची, मला निम्मं कळत होतं. पण 'अरबी समुद्र' हे शब्द कळले. या मुलानं भूगोलाच्या पेपरात गोदावरी अरबी समुद्राला मिळवली होती. कारणही लिहिलं होतं, की त्र्यंबकेश्वराच्या डोंगरावरून अरबी समुद्र जवळ आहे आणि कुणीही शहाणा जवळच्या बाजारात जातो. सरांनी उत्तराला शून्य आणि कारणाला अर्धा मार्क दिला होता. तेव्हापासून तो त्यांच्या लेखी अरबी समुद्रच.

चाळ अजून रिकामी होती. कांदा भरायला अवकाश होता. सर गुडघ्यांवर बसून खालून हात घालून बघू लागले.

"खालची बाजू विटांनी बुजवलीस?"

"उंदीर येतात, सर."

"उंदीर खाऊन खाऊन किती खातील? खालून वारा आला नाही तर अर्धी चाळ सडेल. विटा काढ आणि जाळी मार. समुद्र चुकलास ते ठीक, वारा चुकू नकोस."

तासभर हेच. वारा कुठल्या दिशेनं येतो, पत्रा किती उंच हवा, पाटीभर कांदा कुठून सडायला लागतो. हॉस्टेलचा एक शब्द नाही. मी पिशवीतला नकाशा दोनदा काढला आणि दोनदा आत ठेवला.

मग जेवायला बसलो. भरीत, कळण्याची भाकरी. वाढायला व्यापाऱ्याची आई आणि धाकटी बहीण. बहीण बारावीला बसणार होती.

"पुढं काय?" सरांनी तिला विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "शिकायचं म्हणते ती. पण नाशकात राहील कुठं, सर? लोकांच्या घरात मी पोरगी ठेवणार नाही."

सरांनी तोंडातला घास गिळला आणि माझ्याकडे बोट केलं. "ते या बाईंना विचारा. मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या वेळेला नुसतं जोतं झालं."

आईनं भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि विचारायला सुरुवात केली. न्हाणीघराला आतून कडी आहे का. एका खोलीत किती पोरी. आजारी पडली तर कोण बघणार. भेटायला येणारा भाऊच आहे हे कसं ओळखणार. फाटक किती वाजता बंद. हा विषय माझा होता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, काहींची तर तिनं विचारायच्या आधीच. बाई माझ्याशी बोलताना एकदाही सरांकडे वळल्या नाहीत. व्यापारी जेवता जेवता थांबून ऐकत होता. त्या अर्ध्या तासासारखा अर्धा तास मला पुन्हा फारसा मिळालेला नाही.

हात धुऊन व्यापारी चेकबुक घेऊन बसला.

"सर, धंद्यातला पहिला नफा मी कॉलेजला पाठवला होता. आठवतं?"

"आठवतं. परत केला."

"कुपनावर लिहिलं होतं तुम्ही, 'आधी हमालांची मजुरी दे.' इतका राग आला होता, सर. खरं होतं म्हणून जास्तच. तेव्हाच ठरवलं, एक दिवस असा आकडा लिहीन की मनीऑर्डरीच्या फॉर्मात मावणार नाही. आणि आता पाच वर्षं होऊन गेलीत."

त्यानं आकडा लिहिला. मी तो उलटा वाचला. उरलेल्या सगळ्या बांधकामाचा खर्च त्यात निघत होता. माझ्या डोळ्यांसमोर स्लॅब भरला, खिडक्या लागल्या, मुली आत गेल्या. मी हात पुढे केला. चेक सरांनी घेतला.

"हे जास्त आहेत."

"सर," मी म्हणाले, "इमारतीला लागतात तेवढेच आहेत."

"तेच म्हणतो. सगळे यानंच दिले तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात," व्यापारी म्हणाला.

"निम्मे लिही."

"लिहिलेला चेक मी फाडत नाही, सर. धंद्यात अपशकुन असतो."

"मग मी फाडतो." आणि त्यांनी फाडला. चार तुकडे करून ताटाच्या कडेला ठेवले.

व्यापाऱ्याचा चेहरा पडला, मग तापला. सर शांतपणे म्हणाले, "हे बघ. हॉस्टेल तुझ्या एकट्याचं झालं की वॉर्डन तू सुचवशील, स्वयंपाकी तुझ्या गावचा येईल आणि मामाच्या मुलीला जागा हवी म्हणून बाईंना फोन करशील. तू चांगला आहेस. पण व्यापारी आहेस."

"असं म्हणता?"

"असं म्हणतो."

त्यानं दुसरा चेक लिहिला आणि तो सरांच्या नव्हे, माझ्या हातात दिला. निम्म्याचा.

परतीच्या बसमध्ये चांदवडपर्यंत मी उरलेल्या निम्म्याचा हिशेब मांडत होते. मग न राहवून म्हणाले, "निम्मे आता मी कुठून आणू?"

"येतील."

"कुठून? तीन महिन्यांवर जून आलाय, सर. त्या मुली तुमच्या नाहीत, माझ्या आहेत."

"तो आता गप्प बसेल का, बाई?" म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

तो गप्प बसला नाही. पहिले काही दिवस मार्केटात संतापानं सांगत होता की सरांनी माझा चेक फाडला. मग ते अभिमानानं सांगू लागला. ऐकणाऱ्यांतले निम्मे आमचेच विद्यार्थी. ज्याचा निम्मा चेक फाडला गेला त्याच्या उरलेल्या निम्म्यात आपण बसू, हे प्रत्येकाच्या डोक्यात शिरलं. सटाण्याहून ड्राफ्ट आले, मालेगावहून मनीऑर्डरी, एकानं खिडक्यांचे गज पाठवले, वीटभट्टीवाल्या एकानं दोन ट्रक विटा. देवळ्याचा तो शिक्षक स्वतः येऊन पैसे देऊन गेला. पावत्या फाडून फाडून माझं बोट दुखायला लागलं. सर एकदा सहज म्हणून ऑफिसात आले, माझ्या टेबलावरच्या ढिगातून त्यांनी एक मनीऑर्डर उचलली आणि म्हणाले, "हा अजून टेम्पररी आहे. परत करा." ते प्राचार्य नव्हते. प्राचार्य मी होते. मी परत केली.

स्लॅब मेमध्ये भरला. जूनमध्ये मुली ओल्या भिंतींच्या खोल्यांत राहायला आल्या. जुन्यांतली एकही कमी नव्हती, आणि नव्यांत नामपूरची ती बहीण होती. उद्घाटनाला अध्यक्ष म्हणाले, "सरांच्या पुण्याईनं हे उभं राहिलं. मॅडमनीही पुष्कळ धावपळ केली." धावपळ हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. सर उशिरा आले, नळ उघडून बघत फिरले आणि जाताना मला सांगून गेले की स्वयंपाकघराचं धुराडं वाऱ्याच्या तोंडावर आहे, धूर आत येईल. पहिल्याच आठवड्यात आला.

ते गेले तेव्हा शोकसभा आमच्याच हॉलमध्ये झाली. हॉल भरला, व्हरांडा भरला, बाहेर सायकल स्टँडपर्यंत माणसं उभी होती. पत्रं मी पाठवली होती, पण निम्मे लोक पत्राशिवाय आले होते. एकेक जण उठायचा आणि सरांनी त्याची कुठली चूक आयुष्यभर लक्षात ठेवली ते सांगायचा. रडत रडत सांगायचा. पोटच्या पोरांनीही इतक्या कौतुकानं आठवण काढली नसती. मी अध्यक्षस्थानी होते. माझ्या शोकसभेला कोण कोण येईल याची यादी मी तिथे बसून मनातल्या मनात केली. ती एका पोस्टकार्डावर मावली असती.

नामपूरच्या व्यापाऱ्यानं ठराव मांडला की हॉस्टेलला सरांचं नाव द्यावं. सर हयात असते तर त्यांनी ठरावाचा कागद फाडला असता. आता फाडणारं कुणी नव्हतं. ठरावावर प्राचार्य म्हणून सही माझी. पितळी अक्षरांची पाटी मी करून घेतली, चांगल्या कारागिराकडून, कारण काम करायचं तर नीट करायचं. अक्षरं दुरून दिसतात.

परवाच्या जूनमध्ये मी सीबीएसच्या बसस्टँडवर उतरून रिक्षा बघत होते. पुढे एक मुलगी, पत्र्याची ट्रंक आणि सुरगाण्याकडचे तिचे वडील. वडिलांनी खिशातून कॉलेजचं पत्र काढून रिक्षावाल्याला हॉस्टेलचं पूर्ण नाव वाचून दाखवलं.

"कुठं आलं ते?" रिक्षावाला म्हणाला.

वडिलांनी पुन्हा वाचलं. त्यानं पुन्हा मान हलवली.

मुलगी पुढे झाली. "अहो, मॅडमचं जेल."

"मग तसं सांगा ना. बसा."

वडील ट्रंक धरून तसेच उभे. "जेल?"

"साडेसहाला फाटक बंद होतं, बाबा. मग मॅडमना कुणी काही सांगो, उघडत नाहीत. म्हणून."

"आसं हाय व्हय," वडील म्हणाले आणि निर्धास्तपणे ट्रंक रिक्षात ठेवली. "मग बेस हाय."

मी तोंड फिरवून उभी राहिले, नाहीतर मुलीनं ओळखलं असतं. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर दुसरी केली आणि तडक ऑफिसात गेले. फाटकाची वेळ अर्ध्या तासानं वाढवावी असा मुलींचा अर्ज आठवडाभर टेबलावर पडून होता, आणि मी तो मंजूर करण्याच्या विचारात होते. बसल्या बसल्या त्यावर 'नामंजूर' लिहिलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली.